लंबर पडलेला निंब

अंगठ्याच्या नखाखाली, अगदी कडेला, लाल ऑइलपेंटचा एक कण अजून होताच. झेबाने तो थिनरने पुसून पाहिला होता, मग साबणाने, मग अम्मीच्या भांड्यांच्या घासणीने... बोट सोलवटलं, कण हलला नाही. चहात पाव बुडवताना तो दिसे, ऑफिसात कीबोर्डवर बोटं चालवताना दिसे. रंगच तो, जाईल आपोआप, असं ती मनाशी म्हणे आणि पुन्हा नजर तिथेच जाई.

आज हरकतींचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी नगरपरिषदेची आवक खिडकी बंद झाली की मुदत संपणार, आणि जीपस्टँडच्या रस्त्यावरचे सगळे निंब अगदी रीतसर, कायद्याने, कोणाचीही तक्रार नसताना तोडायला मोकळे होणार. हे नगरपरिषदेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. घरात ते एकट्या झेबाला ठाऊक होतं.

समोर अब्बू चहा बशीत ओतून फुंकत होते. आठवडाभर त्यांचा चेहरा असाच... लग्नघरातल्या माणसासारखा. अम्मीला ते पुन्हा एकदा तीच गोष्ट सांगत होते, की आता निंबाला नंबर पडला, आता काळजी मिटली. अम्मी हूं हूं करत होती. झेबाने पाव अर्धाच ठेवला आणि उशीर होतोय म्हणून उठली. उशीर होत नव्हता.

आज वाहनमुक्त शुक्रवार. म्हणजे नगरपरिषदेच्या सगळ्यांनी पायी यायचं, शहराची हवा शुद्ध ठेवायची. मुख्याधिकारी साहेबांची गाडी मंगल कार्यालयाच्या मागच्या बोळात उभी राही, तिथून साहेब फाटकापर्यंत चालत येत, आणि तेवढ्या चालण्याचा फोटो निघे. ही योजना झेबाचीच. म्हणजे तिने सुचवली तेव्हा तिच्यात सायकली होत्या, शाळेच्या पोरांसाठी बस होती, स्टँडवरच्या जीपवाल्यांशी बोलणं होतं... ते सगळं गळत गळत एवढं उरलं — फाटक, फोटो, शुक्रवार. तरी ती खरोखरच चालत जायची. सगळ्या कार्यालयात ती एकटीच, आणि याचं तिला आधी कौतुक वाटे, मग हसू येई, आता काहीच वाटत नसे.

स्टँडच्या रस्त्याला लागलं की एप्रिलच्या उन्हातही अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं होई. निंब दोन्ही बाजूंनी वर जाऊन मिळालेले. खाली धाड गावाला जाणाऱ्या जीप, चिखलीच्या जीप, रंगरावांची चहाची टपरी, आणि तिसऱ्या निंबाखाली अब्बूंचं मशीन. कय्यूम सीट कव्हरवाले. जीपच्या फाटक्या सीटा काढायच्या, फोम भरायचा, रेक्झिन ताणून दाभणाने शिवायचं. गाडी सावलीत तासन् तास उभी राहू शकते म्हणून हा धंदा. उन्हात रेक्झिन हाताला चिकटतं, मशीनचं लोखंड तापतं, आणि ड्रायव्हर थांबत नाही. झाड, स्टँड आणि अब्बू ही तीन वेगळी माणसं असल्यासारखी नगरपरिषदेच्या नकाशात दाखवली होती — पैकी अब्बू दाखवलेच नव्हते.

आता इथे सिमेंटचा रस्ता होणार. मधोमध दुभाजक, दुभाजकात बाहेरच्या नर्सरीतून ट्रकने आणलेले पाम. नाव हरित मार्ग. जीपस्टँड बायपासला, कचरा डेपोच्या पलीकडे. एका झाडामागे पाच रोपं लावणार, तीही डेपोच्याच कडेला, ऑक्सिजन पार्कमध्ये. मागच्या वर्षीची रोपं तिथे काटक्या होऊन उभी आहेत, त्यांच्या भोवतीच्या लोखंडी जाळ्या मात्र चांगल्या तरारल्या आहेत. या मार्गामुळे शहरातील उष्णता कमी होण्यास मदत होईल... हे वाक्य झेबाचं. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, शहर समन्वयक म्हणून कंत्राटावर असलेल्या झेबाने ते एका दमात लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर तहान लागली म्हणून दोन ग्लास पाणी प्यायली होती.

तिसऱ्या निंबाच्या बुंध्यावर पांढऱ्या पट्ट्यात लाल आकडा. तिने तिकडे पाहायचं टाळलं, तरी पाहिलं.

दादा — अब्बूंचे अब्बू — चिखलीच्या रस्त्यावर मैलकुली होते. रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या ताब्यात. खड्डे बुजवायचे, कडेची गटारं मोकळी करायची आणि दरसाल झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारून वर नंबर घालायचा. नंबर पडला की झाड सरकारचं. शेळीसाठी डहाळी ओरबाडायला आलेला माणूसही नंबर बघून मुकाट्याने पुढे जायचा. अब्बूंनी हे डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे नगरपरिषदेची माणसं रंगाचा डबा घेऊन स्टँडवर आली, त्या दिवशी अब्बू मशीन सोडून उठले, टोपी नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लंबर टाकून राह्यले! आता पाहा, कोन हात लावते माह्या निंबाले."

अब्बू घरात उर्दू बोलत, पण स्टँडवर स्टँडचीच बोली. झेबाशीसुद्धा.

आणि मग रंगारी तिसऱ्या झाडापाशी आला तसं त्यांनी त्याचा हात धरला. "हा लंबर माह्या पोरीच्या हातानं पडू दे भाऊ. हापिसर आहे ते." जीपवाले हसले, कोणीतरी हॉर्न वाजवला, रंगरावांनी सगळ्यांना चहा फुकट पाजला. अभियंता जीवन तिच्याबरोबर होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग जरा वेळ विजेच्या तारांकडे पाहत राहिला. तिने ब्रश घेतला. पत्र्याचा साचा बुंध्यावर दाबून धरला, रंग जास्त झाला, ओघळून अंगठ्यावर आला... तेव्हा बोलायला हवं होतं? इतक्या लोकांत? रात्री सांगू, असं तिने ठरवलं. रात्री अब्बू जिलेबी घेऊन आले. मग उद्या. उद्या पाहुणे होते. मग वाटलं, झाडं तशीही जाणारच आहेत, वरून ठरलंय, सांगून एका माणसाची आठ दिवसांची झोप कशाला घालवायची. हे वाटणं इतकं मऊ होतं की त्यावर टेकून ती रोज झोपत होती.

कायदा म्हणत होता, झाडावर नोटीस लावा. ती लावली होती. लावली, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. वाऱ्याने उडाली, असं जीवन म्हणाला होता. एप्रिलात इतकं वारं नसतं. नंबर राहिला.

ऑफिसात पंखा गरम हवा फिरवत होता. जीवन तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला. "मॅडम, एकबी हरकत नाही आली. खिडकीवर माशी नाही फिरकली. माह्या नोकरीत पहिल्यांदा पाहून राह्यलो असं. दोन झाडं तोडाची म्हटलं तरी गाव अंगावर येते, अन् इथं सारा रस्ता..."

"बरं आहे ना मग," ती म्हणाली.

"बरंच आहे. पन काऊन नाही आली, हे नाही समजत."

तिलाही समजत नव्हतं. रंगराव तरी गप्प बसणाऱ्यांतला नाही. पेपर वाचतो, वाचून दाखवतो, नगराध्यक्षांना तोंडावर बोलतो. त्याने आतल्या पानावर आलेली नगरपरिषदेची ती बारीक जाहिरात वाचली नसेल? आठवडाभर ती मनातून त्याचीच वाट पाहत होती, हे तिला आत्ता कळलं. कोणीतरी यावं, हरकत द्यावी, सुनावणी लागावी, आणि आपल्याला काही न करता सगळं उघडं पडावं. अब्बू म्हणाले असते, तुले माहीत होतं का? आणि ती म्हणाली असती, नाही अब्बू, मलाही आजच कळलं... तिने इथवर विचार केला होता. उत्तरासकट.

दुपारी साहेबांनी बोलावलं. ते पुण्याकडचे, बोलणं स्वच्छ, टेबलावर काचेखाली मुलीचा फोटो. "झेबा मॅडम, तुमचं अभिनंदन करायला हवं. शून्य हरकती. याला मी लोकसहभाग म्हणतो. तुम्ही स्थानिक आहात, लोकांत मिसळता, त्याचा फरक पडतो. तुमच्या कंत्राटाच्या मुदतवाढीचं मी बघतो." ती थँक्यू सर म्हणाली. चांगला माणूस आहे, हेच तर वाईट... दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. मुदतवाढीचा शब्द ऐकून जे वाटलं ते सुखच होतं, तिला नीट ओळखता आलं.

जिन्यात येऊन तिने अब्बूंना फोन लावला. मशीनची घरघर, जीपचा आवाज, कोणीतरी "चिखली, चिखली" ओरडतंय.

"काय बेटा?"

"काही नाही. जेवलात?"

"जेवलो. तू काऊन अशी बोलून राह्यली? तब्येत ठीक आहे ना?"

"ऊन लागलं थोडं."

"मंग इकडं ये ना. इथं थंडं हाय."

मी जाते आणि सांगते, ती स्वतःशी म्हणाली. आत्ताच्या आत्ता. आवक खिडकी उघडी आहे. रंगराव लिहील, अब्बू सही करतील, मी बाजूला उभी राहीन. माझी मुदतवाढ गेली तर गेली, पोटापुरतं कुठेही मिळतं. हे तिने ठरवलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की ठरवणं इतकं हलकं असतं. पर्स उचलून ती निघाली. वाटेत चालताना वाक्यं जुळवत होती. अब्बू, तुमचा समज चुकला... नको. अब्बू, आता नंबर तोडायच्या झाडांना पडतो. हे बरं. अब्बू, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे शेवटी.

अब्बूंनी तिला पाहताच मशीन थांबवलं. जीपची मागची सीट जमिनीवर पालथी पडली होती, त्यावरचं रेक्झिन झटकून त्यांनी जागा केली. रंगरावांनी न विचारता चहा ओतला. निंबाला मोहर होता, बारीक पांढरी फुलं रेक्झिनवर, मशीनवर, अब्बूंच्या टोपीवर पडत होती. ती बसली. तोंड उघडलं.

"अब्बू, या झाडांचं..."

"हाव, आयकलं ना मी," अब्बू हसत म्हणाले. "रंगरावनं सांगतलं. पेपरात काहीतरी छापून आलं म्हने, झाडं तोडतेत. यानं मोठा अर्ज लिहून आनला, साऱ्या स्टँडच्या सह्या घेऊन राह्यला होता. मी म्हनलं, पागल झाला का बे? लंबर कोनं टाकला? माह्या पोरीनं टाकला. तोडाचं असतं तं तिनं आपल्या बापाले सांगतलं नसतं?"

"मंग काय," टपरीतून रंगराव म्हणाले, "कय्यूमभाईनं अर्ज फाडलाच माहा. पन मलेबी पटलं बेटा. तू आहे तथी, आमाले काय काळजी? पेपरवाले काहीबी छापतेत."

ड्रायव्हर माना हलवत होते. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात शंका औषधाला नव्हती.

म्हणून एकही आली नाही. लोकसहभाग. साहेबांना कळलंही नसेल ते किती खरं बोलले. तिची डिग्री नव्हती लागत, तिची वाक्यं नव्हती लागत, स्टँडवर तिचा बाप बसतो एवढंच लागत होतं.

आता लाज वाटेल, असं तिला वाटलं. ती वाट पाहत राहिली. पण आला तो राग, आणि साहेबांवर नाही, जीवनवर नाही, स्वतःवरही नाही... अब्बूंवर. समोर बसलेल्या, टोपीवर फुलं पडलेल्या या माणसावर. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? विचारायचं ना एकदा. पोरीला विचारायचं, बाई, हा नंबर कसला? त्या रंगरावला कळलं, मग तुम्हाला का नाही कळलं? अर्ज फाडायची काय गरज होती? एवढा भरोसा कोणी मागितला होता? मी मागितला होता? अंगाचा नुसता संताप होत होता, कानशिलं तापली होती, आणि जुळवून आणलेली सगळी वाक्यं त्या रागात कुठे गेली ते तिला सापडेना.

"तोडनार नाहीत ना?" अब्बूंनी विचारलं. सहज, सुई ओवता ओवता. उत्तर ठाऊक असलेला माणूस विचारतो तसं.

खिडकी अजून उघडी होती. रस्ता इथून सरळ तिकडेच जात होता.

"तुम्हाला काय वाटतं?" ती फटकन म्हणाली.

अब्बूंनी दचकून वर पाहिलं. मग हसले. "पाहा रंगराव, हापिसर कशी चिडली. उन्हातून आली ना." आणि त्यांनी पुन्हा मशीन चालू केलं, तिच्या अंगावर कवडसा येत होता म्हणून पाय लांब करून ती सीट, तिच्यासकट, थोडी आत सावलीत ओढून घेतली.

ती तशीच बसून राहिली. राग तिने घट्ट धरून ठेवला होता. तो होता तोवर बसून राहणं जमत होतं.