चालता चालता घातलेला टाका

मित्रांनो, तुमच्या घरातल्या संगणकासारखा मला पडदा नाही की कळफलक नाही. मी एक जुना सर्व्हर आहे. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षामागे बिनखिडकीची थंडगार खोली आहे, तिथे मी नऊ वर्षे अखंड जागा आहे. कुणी मदतीला फोन केला की जवळची गाडी कोणती, रस्ता कोणता, खाट कुठे रिकामी, हे मी चुटकीसरशी सांगत असे. सुरुवातीला कक्षाचे साहेब पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. "एका दिवसाची दांडी नाही याची!" पुढे माझा जोडीदार सर्व्हर जळाला. त्याच्या जागी दुसरा आलाच नाही. त्याचेही ओझे मीच ओढू लागलो.

मग माझ्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्या कामांना हुकूम देणाऱ्या गाभ्यात, एक जुनी चूक सापडली. तिच्यामुळे मला भोवळ येई, काही सेकंद मी गोठून जाई. आमच्या इंजिनियर ताईंनी तीन महिने साहेबांकडे धोशा लावला, "अर्धा तास बंद ठेवू द्या, दुरुस्त करते." साहेबांचे उत्तर ठरलेले, "आज नको, ताई. आज फार कॉल आहेत."

एका दुपारी रंगाच्या कारखान्याला आग लागली. अकरा गाड्या एकदम रस्त्यावर आल्या आणि नेमका मी चाळीस सेकंद गोठलो. भिंतीवरच्या नकाशातले सगळे ठिपके थिजले. फोनवर बसणाऱ्या आक्का किंचाळल्या, "ताई, माझ्या गाड्या गेल्या कुठे?"

मी शुद्धीवर आलो, पण पुढच्या भोवळीतून मी उठणार नाही, हे ताईंना दिसत होते. मला बंद करून सुरू करायला वीस मिनिटे लागत. त्यातून माझी झिजलेली डिस्क पुन्हा फिरेलच, याची खात्री नव्हती.

"काहीतरी करा, हात जोडतो," साहेब म्हणाले.

"चालत्या माणसाच्या पायातला काटा काढायचाय, साहेब. आणि त्याला थांबूही द्यायचं नाही."

ताईंनी चुकीच्या तुकड्याच्या जागी नवा तुकडा माझ्यात सोडला. जे काम जुन्या तुकड्यातून बाहेर पडे, ते नव्या वाटेला लागे. होता होता सगळी कामे वाटेला लागली. एकच अडून बसले, सात नंबरच्या गाडीची लाइन; तिच्यावर बोलणे अखंड चालू होते, म्हणून ती जुन्या तुकड्यातून बाहेरच पडेना. ती सुटेपर्यंत दुरुस्ती पुरी होणार नव्हती.

"आक्का, सातची लाइन तोडावी लागेल."

"अगं, भाजलेला माणूस आहे त्यात! ड्रायव्हरमामांना रस्ता मी सांगतेय."

"नाही तोडली तर अकराच्या अकरा जातील."

आक्कांनी डोळे मिटले. "ड्रायव्हरमामा, नीट ऐका. पुलावरून जा, मग उजवीकडे. थोडा वेळ मी नसेन."

"नसेन म्हणजे? आक्का?"

लाइन तुटली. दुरुस्ती बसली. दहा ठिपके हलत राहिले, पण सातची लाइन काही जुळेना. मी हाका मारमारून थकलो. तेवढ्यात पूल बंद झाल्याची खबर आली. आक्कांनी मामांचा मोबाइल लावला, पण आगीपाशी सगळेच फोन करत होते, तो लागेना. चार मिनिटे अकरा सेकंदांनी ठिपका दिसला. गाडी पुलाच्या तोंडाशी, कोंडीत उभी होती. माणूस तोवर गाडीतच गेला होता.

डॉक्टर म्हणाले, तो तसाही वाचला नसता. आक्कांना ते पटले नाही. मलाही नाही.

परवा त्याची मुलगी नियंत्रण कक्षात आली होती. गाडीत बाबा शेवटी काय बोलले, एवढेच तिला ऐकायचे होते. गाडीतला प्रत्येक शब्द माझ्याकडे साठवलेला असतो. तेवढ्या चार मिनिटांचा नाही. आक्कांनी तिला पाणी दिले आणि त्या वेळची नोंदच नाही, एवढे सांगितले.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर तुमच्यापुढे जोडले असते. यंत्र असो की माणूस, उभे आहे तोवरच त्याचे दुखणे बघा. पडल्यावर बघायला सगळेच धावतात.