पोपटी शर्ट

सुमित्राबाईंनी कर्नलसाहेबांना फाटकातून आत येताना पाहिलं, हातातलं सूप तिथंच टाकलं आणि घरात जाऊन आतून कडी घातली. तांदूळ अंगणभर झाला.

कर्नलसाहेब पायरीपाशी थांबले. त्यांच्या हातात हळदीकुंकू लावलेली पत्रिका होती.

"सुमित्राबाई, आमंत्रण द्यायला आलोय. आमच्या प्राचीचं लग्न आहे."

कडी तशीच राहिली.

"पत्रिका आणलीय."

"माझा टिंकू बरा हाये म्हना आधी."

"टिंकू बरा आहे."

"तुमचा आवाज तसाच येऊन राहिला, साहेब."

"माझा आवाज असाच आहे, बाई. पलटणीतून टिंकूबद्दल काहीही आलेलं नाही. बरा आहे तो."

दार बोटभर उघडलं, पत्रिका आत ओढली गेली आणि दार पुन्हा लागलं.

रस्त्यावर योगराज मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. शेजारधर्म म्हणून तो सकाळपासून कर्नलांना मागे बसवून गोरेगाव तालुक्याच्या उन्हात फिरवत होता.

"साहेब, थोडं हासत हासत जाऊन पाहा ना."

"मागच्या घरी हसलो होतो."

"मंग?"

"म्हातारी रडायला लागली."

लेफ्टनंट कर्नल झामसिंग रहांगडाले निवृत्त होऊन मुर्री गावी घर बांधून राहिले, तेव्हा माजी सैनिकांच्या संघटनेने कामं वाटून घेतली. कुणाला झेंडावंदन मिळालं, कुणाला पेन्शनचे अर्ज. जे काम कुणालाच नको होतं, ते कर्नलांना मिळालं. जिल्ह्यातला एखादा जवान गेला, की पलटणीचा फोन यायचा आणि कर्नल त्या घरी बातमी सांगायला जायचे. फौजेत त्यांनी कुठलंच काम वाईट केलं नव्हतं. हेही वाईट केलं नाही. पांढरा शर्ट, चमकवलेले बूट. आधी पाणी मागायचं. पाणी आणायला एक जण आत जातो, बाकीचे पाहुण्याबरोबर बसतात, आणि बसलेला माणूस कोसळला तरी डोकं फुटत नाही. कुणी दार लावून घेतलं, तर पुन्हा वाजवायचं नाही; पायरीवर थांबायचं. फोनवर सांगायची वेळ आलीच, तर आधी विचारायचं, कुठे आहात. मग, बसलात का. मग, जवळ कोण आहे. यावर त्यांनी तरुण अधिकाऱ्यांपुढे एकदा व्याख्यान दिलं. चांगल्या टाळ्या पडल्या.

पद्धत इतकी चोख होती, की पंचक्रोशीत ती सगळ्यांना पाठ झाली. कर्नलांनी चहाच्या टपरीवर पाणी मागितलं, तरी टपरीवाला आधी फौजेतल्या भावाला फोन लावायचा.

म्हणून आज जमुनाबाईंनी नवऱ्याला बजावून बाहेर काढलं होतं. बूट नाही, चप्पल. पांढरा शर्ट नाही. गुलशनने मागच्या दिवाळीला पाठवलेला आणि तेव्हापासून घडीतच राहिलेला पोपटी शर्ट.

"या रंगाच्या शर्टात कोनी वाईट बातमी आनत नाई जी," त्या म्हणाल्या होत्या. "आन् कोनाकडे पानी मांगू नका."

गुलशन, त्यांचा मुलगा, वर सीमेवर कॅप्टन होता. बहिणीच्या लग्नासाठी त्याची रजा मंजूर झाली होती. हळदीच्या दिवशी पोचतो, असं आईला म्हणाला होता, आणि बाबांना तो शर्ट घालायला लाव, असंही.

शेवटची पत्रिका भोजराजची होती. तिथं कुणी कडी घातली नाही. भोजराज स्वतः फाटकापर्यंत आला, पत्रिका कपाळाला लावली आणि खाट सावलीत ओढली.

"बसा साहेब. आमच्या घरी आता तुमाले भ्याचं काई राहिलं नाई."

ओसरीच्या भिंतीवर त्याच्या मुलाचा, विक्कीचा, वर्दीतला फोटो होता. हार ताजा होता. कर्नल बसले नाहीत.

भोजराजने माठातून गिलास भरून आणला. "त्या दिवशी तुमी पानी मांगलं, पन पेले नाई. तसाच राहिला गिलास. आज पिऊन घ्या."

कर्नलांनी गिलास हातात घेतला. सकाळपासून घशाला कोरड होती. ओठांपर्यंत नेला, तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"सर, आप घर पर हैं?"

आवाज तरुण होता आणि फार सांभाळून बोलत होता.

"नहीं. गोरेगाव में हूँ."

"सर, आप बैठे हैं?"

कर्नल उभेच होते. गिलासातलं पाणी काठाकडे गेलं आणि परत आलं.

"हाँ," ते म्हणाले.

"सर, आपके पास इस वक्त कौन है?"

क्रम बरोबर होता. पोराने कुठंही घाई केली नव्हती. कर्नलांनी भोजराजकडे पाहिलं.

"है एक आदमी. आगे बोलो, बेटा."

मग त्यांनी पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. फोन खिशात ठेवला आणि गिलास तसाच भरलेला खाटेच्या कडेला ठेवून दिला. भोजराज त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आला आणि योगराजच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

"हळू चालव रे."

मुर्रीला घरासमोर मांडवाचे बांबू उभे राहिले होते. आत प्राची मैत्रिणींबरोबर कशावर तरी खिदळत होती. जमुनाबाई गिलास घेऊनच बाहेर आल्या.

"आधी पानी प्या. तोंड पाहा कसं सुकलं. मांगलं तं नाई ना कोनाकडे?"

"नाही."

"भेले का लोक?"

"थोडे."

"तरी शर्टानं फरक पडला असन. घ्या."

वाटभर कर्नलांनी एवढंच ठरवलं होतं: पाणी मागितलं की लोक ओळखतात, तेव्हा इथं पाणीच घ्यायचं नाही. मग आणखी थोडा वेळ हे घर असंच राहील. उभ्या नोकरीत इतका कच्चा बेत त्यांनी कधी आखला नव्हता.

"नको," ते म्हणाले. "तहान नाही."

जमुनाबाईंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग पायांवरच्या धुळीकडे, मग शर्टाकडे. गिलास खाली पायरीवर ठेवला, थेंबही न सांडता. त्या आत गेल्या. दार लागलं, कडी पडली. आतलं हसणं थांबलं.

"गुलशन बरा हाये म्हना," दाराआडून आवाज आला.

कर्नल पायरीवर, गिलासाच्या शेजारी बसले.

"म्हना ना जी."

योगराजने फाटकापाशी मोटारसायकल बंद केली. आत कुणीतरी दाराला पाठ टेकवून हळूहळू खाली बसत गेल्याचा आवाज झाला. कर्नलांनी पोपटी शर्टाचं गळ्याचं बटण लावलं आणि, दार पुन्हा वाजवायचं नसतं म्हणून, थांबून राहिले.