जागा धरलेली आहे

आमच्या सोसायटीची पॅसेंजर गाडी दरवर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तळमजल्यावरच्या हॉलमधून सुटते आणि हॉलमध्येच परत येते. खांदेश्वरला राहायला आलेला जो तो कुठल्या तरी गावाहून आलाय, आणि प्रत्येकाने कधी ना कधी पॅसेंजरच्या लाकडी बाकावर बसून ते गाव गाठलंय, म्हणून हा उत्सव. समोरासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, भिंतींना पुठ्ठ्याच्या खिडक्या लावायच्या, येताना प्रत्येकाने प्रवासाचा डबा आणायचा. आमचा तरुण सेक्रेटरी अभिराम काळा कोट घालून टीसी होतो. पाचव्या मजल्यावरचे धम्मपाल माइकवरून स्टेशनं पुकारतात. आपलं गाव आलं की उतरायचं आणि दारात कुल्हडमधला चहा प्यायचा. भूगोलाचं म्हणाल तर या गाडीला चिपळूणनंतर थेट लातूर लागतं, पण आजवर एकाही प्रवाशाने तक्रार केलेली नाही.

यंदा मी जाणार नव्हते. कारण गीतांजली जाणार होती.

गीतांजली माझ्या डोक्यावर राहते. म्हणजे वरच्या मजल्यावर. पंधरा वर्षं आमची इतकी घट्ट मैत्री की तिच्या घरात काय शिजतंय हे तिच्या नवऱ्याआधी मला कळायचं. मग गेल्या वर्षी तिच्या मोरीचं पाणी माझ्या स्वयंपाकघरात गळायला लागलं. एके दिवशी थेंब नेमका आमटीच्या पातेल्यात पडला. मी पातेल्यासकट छताचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आठ दिवसांत प्लंबर येऊन गेला, गळती थांबली, आमचं बोलणंही थांबलं. वर्ष झालं. लिफ्टमध्ये भेटलो तर ती मजल्यांचे आकडे वाचायची आणि मी माझ्या चपला.

आता रविवारी तिचा टेम्पो येणार होता. यजमान रिटायर झाले, कराडला घर बांधलं, दोघं कायमचे निघाले होते. बोलायचं तर आजच, नाहीतर विषय संपला. पण पहिलं मी का बोलू? असा माझा बाणा. खरं सांगायचं तर वरून तिच्या मिक्सरचा आवाज आला तरी मला रडू यायचं. पण बाणा तो बाणा.

"तू नको येऊस, मी जातो. मला सीट मिळेल तरी," असं म्हणून अरविंद, म्हणजे आमचे हे, डबा न घेताच खाली गेले. लोकांच्या डब्यात हात घालायची त्यांना हौस फार. वीस मिनिटं मी घरात फेऱ्या मारल्या. मग कपाटातला खारीचा पुडा उचलला आणि तावातावाने खाली गेले.

हॉल भरलेला. एकच खुर्ची रिकामी, तीही खिडकीची, आणि तिच्यावर रुमाल टाकलेला. समोरच्या खुर्चीत गीतांजली.

"इथे कोणी आहे का?" मी खिडकीच्या पुठ्ठ्याला विचारलं.

"जागा धरलेली आहे. एक बाई यायच्यात," तीही पुठ्ठ्यालाच म्हणाली.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तशीच दांडा धरल्यासारखी खांबाला टेकून उभी राहिले. तेवढ्यात अभिरामने शिट्टी मारली. "ऐका! या वर्षी नवीन रूल. गाडीत कोणी कोणाला ओळखत नाही. सगळे अनोळखी पॅसेंजर. ज्याने नाव घेतलं, त्याने गाणं म्हणायचं. काकू, तुमी उभ्या का? टेन्शन नका घेऊ, बसा."

"बसा की," गीतांजली रुमाल उचलत म्हणाली. "त्या बाई काय आल्या नाहीत वाटतं."

गाडी सुटली. म्हणजे धम्मपालांनी माइकवर तोंडाने इंजिन चालू केलं. दोन मिनिटांत अरविंद कोणाला तरी नावाने हाक मारून बसले आणि एक बेसूर भावगीत सगळ्यांच्या माथी आलं. गाडीत नियम काटेकोर पाळणाऱ्या आम्ही दोघीच. आम्हाला वर्षभराचा सराव होता.

चिपळूण गेलं, लातूर गेलं. धम्मपालांनी स्वतःचं लातूर इतकं लांबवलं की अभिरामला हिरवा झेंडा दाखवावा लागला. मग समोरून प्रश्न आला. पॅसेंजरमध्ये बाई बाईला विचारते, तोच.

"कुठपर्यंत?"

"इथेच, जवळच," मी म्हणाले. "तुम्ही?"

"कराड. आता तिकडंच राहायचं."

"इथे कोणी नाही वाटतं तुमचं?"

"होती एक. खालच्या मजल्यावर."

"मग?"

"माझ्या मोरीचं पाणी गळलं तिच्याकडं. आता जिना चढून येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. पण बाईनं फोटो काढून गावभर दाखवला. माझ्या जावयानं पाहिला ओ तो."

जावई ग्रुपवर आहे हे मला माहीतच नव्हतं. पण अशी सहजासहजी हार मानेन तर मी कसली!

"एक सांगू? तुम्हाला ओळखत नाही म्हणून बोलते," मी म्हणाले. "माझ्याही वर एक बाई राहते. तिला मी दोनदा तोंडाने सांगितलं, छत ओलं दिसतंय. तिने हसण्यावारी नेलं. म्हणे, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय."

"असं म्हणाली?"

"असंच."

गीतांजली खिडकीबाहेर पाहायला लागली. बाहेर पुठ्ठा. "वाईटच म्हणायची ती," ती म्हणाली. "भांडखोर आहे का?"

"भांडखोर नाही. हट्टी आहे. पण आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा तेरा दिवस तिच्याकडूनच डबा यायचा."

गीतांजलीने डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. "घ्या. गाडीत नाही म्हणू नये."

मी तुकडा मोडून चटणीला लावला, तोंडात घातला आणि थांबले. तिची चटणी मी पंधरा वर्षं बघतेय. लालभडक, खाताना कानातून धूर काढणारी. ही फिकी होती, गोडसर.

"कराडला अशी चटणी करतात?" मी विचारलं.

"छे! आमच्यात ही आजाऱ्यालासुद्धा देत नाहीत. एका बाईसाठी केली. तिला तिखट सोसत नाही. सगळं तिखट जिभेवरच साठवून ठेवलंय तिनं, पोटात जाणार कुठून?"

घास तोंडात तसाच राहिला. म्हणजे तो रुमाल, ती खिडकी, ती यायची असलेली बाई. मी नाही येणार म्हणून घरात फेऱ्या मारत होते, तेव्हा ही इथे माझ्यासाठी जागा धरून बसली होती. मला हसू आलं, त्यामागोमाग रडूही आलं आणि वर ठसकाही लागला. फिक्या चटणीने ठसका लागलेली मी पहिलीच असेन.

"कराडऽऽ! कराऽऽड!" धम्मपाल पुकारत होते. "उतरणारे पुढं व्हा!"

दारात तिचे यजमान चहाचा कुल्हड घेऊन हात करत होते. ती जागची हलली नाही.

"अहो, तुमचं गाव आलं," मी म्हणाले.

"येऊ दे. रविवारी उतरायचंच आहे की," ती म्हणाली. "आज शेवटपर्यंत येते. स्मिते, तो खारीचा पुडा फोड आता."

"नाव घेतलं! नाव घेतलं!" अभिराम शिट्टी फुंकत धावत आला. मग गीतांजलीला गाणं म्हणावं लागलं, तिला एकटीला म्हणवेना म्हणून मलाही. अरविंदपेक्षा बेसूर झालं असं सगळ्यांचं मत पडलं. खांदेश्वर आलं, दिवे लागले, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. तिची खुर्ची मी उचलू दिली नाही. तिचाच रुमाल खुर्चीवर टाकला आणि अभिरामला म्हटलं, "ही मी घरी नेतेय. सोसायटीला दुसरी आणून देईन."

रविवारी टेम्पो गेला. छतावरचा तो ओला डाग अजून आहे. रंगारी बोलवू का म्हणून अरविंदनी दोनदा विचारलं, मी कानामागे टाकलं. ती खुर्ची बरोबर त्या डागाखाली, खिडकीशी ठेवली आहे. जेवून हात धुऊन अरविंद तिथे बसायला गेले की मी सांगते, "तिथे नको. जागा धरलेली आहे."