दाखवायचा दात

लढाऊ विमानाला हवा ओढून घेणारा एक बोगदा असतो. माणूस पोटावर सरपटत आत गेला की शेवटी इंजिनाची पाती लागतात. इंजिन चालू झालं की त्या बोगद्यातून समोर येईल ते गिळतं, मग तो स्क्रू असो, नाणं असो की कुणाच्या शर्टाचं बटण. गिळलं की पात्याला टवका, टवक्याचा तडा, आणि तड्याचं पुढे काय होतं ते पायलटला आकाशात कळतं. म्हणून आत शिरण्याआधी प्रत्येकाने शिडीखाली उभं राहून खिसे उलटे करून दाखवायचे आणि अंगठी, घड्याळ ट्रेमध्ये काढून ठेवायचं, असा हँगरचा नियम होता. नियम पुस्तकातलाच. दहशत मात्र खिसेकाकांची.

"खिसे!" असं ते ओरडले की मेकॅनिकच काय, नुसता चहा घेऊन आलेला माणूससुद्धा खिसे बाहेर काढून उभा राहायचा. एकदा स्क्वाड्रनचे साहेब सहज बोगद्यात डोकावायला आले. काकांनी त्यांनाही सोडलं नाही. साहेबांच्या खिशातून कंगवा निघाला. साहेबांना टक्कल होतं. सगळा हँगर गाल आत ओढून उभा राहिला, आणि काकांनी तो कंगवा चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ट्रेमध्ये ठेवला.

काका हसत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिन आणि सांगाडा दोन्हींतला त्यांच्याइतका जाणता मेकॅनिक तळावर दुसरा नव्हता, आणि ओठ असे आवळलेले, की जणू कुणीतरी पान्याने कसून ठेवलेत. लोक म्हणायचे, शिस्त म्हणजे शिस्त! नवीन आलेल्यांना सांगायचे, काकांकडून हे शिका.

आता शिस्तीची खरी गोष्ट अशी, की काकांचा वरचा पुढचा दात खोटा होता. ऐन उमेदीत एका गंजलेल्या नटाशी झटापट करताना पाना सटकला आणि थेट तोंडावर बसला. नट तिथेच राहिला, दात गेला. त्या जागी प्लास्टिकचा दात आला, तारेच्या आकड्याने शेजारच्या दाताला अडकवलेला. मेहुणीच्या लग्नात काका कशाला तरी खदखदून हसले आणि दात समोरच्या पाण्याच्या पेल्यात पडला. तेव्हापासून त्यांनी हसणं बंद केलं. पुढे सवय झाली, सवयीचा दरारा झाला, आणि दरारा अंगाला शोभतोय म्हटल्यावर तो उतरवायचा कशाला?

"अहो, ती तार सैल झालीये. एकदा डॉक्टरांकडे जाऊन घट्ट करून घ्या," काकू दर आठवड्याला म्हणायच्या. "जगाच्या विमानांचे नट कसता, आणि स्वतःच्या तोंडात खुळखुळा!"

"पुढच्या आठवड्यात," काका म्हणायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

काकांच्या तडाख्यातून सुटलेला माणूस तळावर सापडणं कठीण होतं. तडाखा खाल्लेल्यांतला सगळ्यात ठळक म्हणजे टोपण. हा गडी नवा मेकॅनिक असताना बोगद्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या पेनाला टोपण नव्हतं. विमान उभं राहिलं, शोधाशोध झाली, टोपण शेवटी जेवणघरातल्या टेबलाखाली सापडलं. पण काकांनी त्याला सगळ्यांसमोर असा भादरला, की तेव्हापासून त्याचं नावच टोपण पडलं. आता तो तपासनीस झाला होता. त्याची सही झाल्याशिवाय विमान हलत नसे, तरी त्याला टोपण म्हणायचं कुणी सोडलं नव्हतं. काकांनी तर नाहीच.

त्या सकाळी एका विमानाची पाती तपासून द्यायची होती. दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या सरावात ते हवं होतं. काकांनी स्वतःचे खिसे स्वतःच उलटे केले, अंगठी काढली आणि आत सरपटले. कपाळावरचा दिवा मध्येच मिणमिणायला लागला. एका हाताने पाती फिरवायची, दुसऱ्या हाताची बोटं पात्याच्या कडेवरून न्यायची, मग टॉर्च धरायची कुठे? "टॉर्च तोंडात धराल तर दात घशात घालीन!" हे वाक्य काकांनी आयुष्यभरात किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. पण आता बोगद्यात पाहायला कोण होतं? काकांनी टॉर्च दातांत धरली. वर्षभराची धूळ नाकात गेली, जोरात शिंक आली, टॉर्च छातीवर पडली. काकांनी ती उचलली, आवंढा गिळला आणि काम पुरं केलं. पाती उत्तम होती. बाहेर येऊन त्यांनी ऐटीत सही ठोकली.

थोड्या वेळाने चाचणीच्या उड्डाणासाठी पायलटबाई आल्या. काकांच्या मुलीच्या वयाची पोर. विमानात चढण्याआधी ती दर वेळी काकांकडे वळून म्हणायची, "काका, येते हं." आणि काका मिटल्या ओठांनी म्हणायचे, "हं."

आजही तसंच झालं. ती वर चढली, पट्टे आवळले. काका विमानासमोर उभे राहिले. आता त्यांनी हात वर करून बोट फिरवलं की इंजिन सुरू होणार. हात वर गेला, आणि सवयीने त्यांची जीभ पुढच्या दातावर गेली.

तिथे दात नव्हता.

सकाळी तळावर येऊन चहा-बिस्किट खाल्लं तेव्हा दात होता, म्हणजे घरी नाही. त्यांनी पायाशी पाहिलं. नाही. म्हणजे बोगद्यात. पुढचे काही क्षण काकांनी जो विचार केला तो त्यांना पुढे कधी शोभेसा वाटला नाही. प्लास्टिकचा एवढासा तुकडा, इंजिन त्याचं पीठ करून मागून फेकून देईल. तोंड मिटलेलं आहे, मिटलेलंच ठेवू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वर काचेमागे ती पोर अंगठा दाखवून वाट बघत होती. येते हं, म्हणून गेली होती. ते खरं करून दाखवणं, एवढंच तर काकांचं काम होतं.

काकांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. थांबवा!

सगळे धावत आले. साहेब आले, टोपण आला. "काय झालं काका?"

"बोगद्यात वस्तू राहिली असण्याचा संभव आहे," काका म्हणाले. दाताच्या फटीतून प्रत्येक शब्दाबरोबर वारा निघत होता.

"कसली वस्तू?"

काकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग ओठ उघडून दाखवले.

मग कुणीतरी फुस्सकन हसलं, आणि धरण फुटलं. साहेब हसले. कंगव्याचं व्याज वसूल झालं.

हसून झाल्यावर शोध सुरू झाला. टोपण स्वतः आत गेला. आरसे आले, लवचीक नळीचा कॅमेरा आला. कुणीतरी चुंबक आणलं. दात लोखंडाचा नाही, हे त्याला दोनदा समजावून सांगावं लागलं. दुपार झाली तरी दात मिळेना. इंजिन उतरवल्याशिवाय इलाज नाही, आणि उतरवलं तर सराव गेला, अशी वेळ आली. तेव्हा काकांकडून टॉर्चची आणि शिंकेची हकीकत ऐकून टोपण हळूच म्हणाला, "काका, शिंकल्यावर आवंढा गिळला होता का?"

तळावरच्या दवाखान्यात काकांच्या पोटाचा एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. मधोमध तारेचा आकडा लखलखत होता.

"सापडला!" साहेबांनी टाळी वाजवली. "टोपण, कर सही. विमान मोकळं."

टोपणने पेन काढलं. मग फोटोकडे पाहिलं, मग काकांकडे. पेन तसंच हातात राहिलं. आणि काकांना कळलं, की त्याच्या लक्षात आलंय, फक्त तो त्यांची अब्रू राखतोय. आता गप्प बसलं तर घरी जाता येईल. एका दिवसात माणसाने किती वेळा हसं करून घ्यायचं?

"डॉक्टर," काका म्हणाले, "दात प्लास्टिकचा आहे. तो दिसतोय का यात?"

"छे, प्लास्टिक कसं दिसेल? तार दिसते."

"मग तारेला दात आहे की तो तुटून तिकडे विमानात राहिलाय, हे या फोटोवरून सांगता येत नाही."

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे आता?"

"सापडला म्हणजे हातात आला," काका म्हणाले. हे वाक्य त्यांचंच होतं, भिंतीवर लिहून लावलेलं. "वाट बघावी लागेल."

सोबत आलेल्या पायलटबाई छताकडे पाहू लागल्या. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "इंजिन उतरवण्यापेक्षा काका लवकर मोकळे होतील. थांबू या."

काकांना दवाखान्यात खाट मिळाली, आणि त्याबरोबर एक भांडं आणि एक गाळणी. हँगरमधल्या फळ्यावर त्या विमानापुढे 'बंद' असं लिहिलं गेलं आणि कारणाच्या रकान्यात 'काका'. दर तासाला कुणी ना कुणी फोन करून विचारी, "काही हालचाल?" संध्याकाळी काकू डझनभर केळी घेऊन आल्या. दारातच त्यांना हसू फुटलं, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबेना.

"हसून घे," काका म्हणाले. "आयुष्यभर लोकांना दात घशात घालीन म्हणत होतो. एकदा घालून दाखवला."

काकूंचं हसू थांबलं. त्या बघतच राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही हसताय."

खरंच, काका हसत होते. पडायला आता तोंडात काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात आला. तारेला घट्ट चिकटलेला, अखंड. काकांनी तो धुतला, पुन्हा धुतला, उकळत्या पाण्यातून काढला, आणि सापडलेल्या कोणत्याही सुट्या भागासारखा पिशवीत घालून, चिठ्ठी लावून टोपणच्या टेबलावर नेऊन ठेवला. टोपणने पिशवी उजेडात धरून पाहिली आणि सही करायला पेन घेतलं. पेन खटक्याचं होतं. टोपण हरवलं त्या दिवसानंतर त्याने टोपणाचं पेन कधी वापरलंच नव्हतं, आणि काकांनी ते आज पहिल्यांदा पाहिलं.

"तेव्हा," काका म्हणाले, "टोपण हरवलं हे तू स्वतःहून सांगायला आला होतास ना रे?"

"हो."

"कुणी विचारलं नव्हतं."

"नाही."

"कसं जमलं तुला? मी एवढा म्हातारा घोडा, काल माझे पाय लटपटत होते."

"माझेही लटपटत होते. समोर तुम्ही होता."

"तुझी पाठ थोपटायला हवी होती मी," काका म्हणाले. "मी तुला नाव ठेवलं. चुकलं माझं."

"जाऊ द्या हो," टोपण सही करत म्हणाला. "आता तर बायकोही टोपणच म्हणते. तुम्ही तुमचं बघा. फळ्यावर नवीन नाव लागलंय तुमचं."

त्या सरावाला विमान जेमतेम पोचलं. तेव्हापासून हँगरमध्ये शिडीखाली खिसे दाखवून झाले, की दात दाखवायचे. हा नियम पुस्तकात नाही. काकांनी घातलेला आहे, आणि तो पहिला त्यांनाच लागू. ट्रेमध्ये अंगठी, घड्याळ, त्यांच्या शेजारी दात. "दातोबा, तोंड!" असं टोपण ओरडतो आणि काका आ करतात. तार त्यांनी अजून घट्ट करून घेतलेली नाही. पुढच्या आठवड्यात, म्हणतात.

सरावाच्या दिवशी ते विमान निघालं, तेव्हा पायलटबाई शिडीवरून वळल्या. "काका, येते हं."

"ये गं बाई," काका म्हणाले, भगदाडासकट तोंडभर हसत, "ये."