अंगातली वाकळ

सोमेश माझा नातू, लेकीचा लेक. तीन महिन्याचं लेकरू. अन् माझी बायको गौरम्मा त्याला मायेनंच मारती का काय, असं झालतं.

लातूरच्या डॉक्टरीणबाईनं, मी शिंपी म्हणून, मला माझ्याच बोलीत समजावलं. "मामा, रोगाशी लढायची हत्यारं अंगातच बनतात. त्याचे तुकडे आईबापाकडून येतात. अंगातली कात्री ते कापती, दर बारीला वेगळे जोडती. थोडक्या तुकड्यांतून लाखो तऱ्हा. मग नवा रोग आला तरी एखादी तऱ्हा त्याला बसतीच. सोमेशची कात्रीच चालत न्हाई. त्याच्या बहिणीचा, सुकन्याचा, हाडातला मगज जुळलाय. तो चढवेपर्यंत कुणाला जवळ येऊ देऊ नका. सर्दीबी भारी पडंल."

उदगीरला घरी येतो तर गौरम्मा ओसरीवर चिंध्यांचा ढीग घेऊन बसलेली. दुबळ्या लेकराला धडधाकट घरांतल्या जुन्या लुगड्यांची वाकळ पांघरली की त्या घरांचं बळ येतं म्हणं.

"कुठनं आणल्या?"

"गल्लीतून. ही हिरवी धोंडाबाईची. तिची नातवंडं बघा, घोड्यावानी हायत."

"तिच्या घरात कांजण्या हायत की गं!"

"त्या आता आल्यात. लुगडं जुनं हाय."

डोकं भिंतीवर आपटावं वाटलं. "लेकराला लावलीस का?"

"अजून न्हाई. तुम्ही शिवाल तवा."

"आगं बया, वाकळ त्याच्या अंगात पाहिजे, अंगावर न्हाई!"

"गावाचे झंपर शिवून राहिलात, नातवाला टाका घालाया हात दुखतेत?" म्हणली अन् रडाया लागली.

काय करता? चिंध्या खळखळ उकळल्या, उन्हात वाळवल्या, वाकळ शिवली. अन् नेऊन अंगणाच्या फाटकावर बांधली.

"हितं?"

"हितंच. ज्याला बळ द्यायचं त्यानं वाकळीला हात लावायचा अन् माघारी जायचं."

तिनं गाठ वढून पक्की केली. दुसऱ्या दिवशी धोंडाबाई आली, "लांबूनच बघते गं," म्हणली, तर हिनं फाटकातनंच वळवली. मंग तिची नणंद वळवली. जावबी वळवली. माझी छाती फुगली.

सांजच्याला दुकान बंद करून आलो, फाटकाशी चिमूटभर तपकीर ओढली अन् शिंकलो.

"आवो! शिंकलात!"

"तपकिरीची हाय ती!"

"मला अडाणीला काय कळतंय? वाकळीला हात लावा अन् जावा."

माझंच घर, मीच शिवलेली वाकळ! हात लावला. सुकन्याचा मगज चढवायची तारीख येईस्तोवर आता दुकानात झोपून राहिलोय.