आखूड रेघ

घड्याळाच्या दुकानात रोज एक तरी माणूस खोटं बोलतो, आणि ते खोटं बहुतेक वेळा एकच असतं. काचेच्या आत वाफ धरलेली असते, काट्यांवर गंज चढलेला असतो आणि समोरचा शपथेवर सांगत असतो की घड्याळाला पाण्याचा थेंबसुद्धा लागलेला नाही. अशा वेळी वाद घालायचा नसतो. हळूच मान डोलवायची, 'हो का' म्हणायचं आणि झाकण उघडायला घ्यायचं. डायलवालीने आपल्या सुनेला धंद्यातली पहिली गोष्ट शिकवली ती ही मान डोलवण्याची.

डायलवाली हे तिचं नाव नव्हे, पण बाजारात दुसऱ्या नावाने तिला कुणी ओळखत नसे. जुन्या घड्याळाची डायल, म्हणजे आकडे असतात ती तबकडी, काळवंडली की ती थिनरने धुऊन कोरी करायची आणि नव्याने रंगवायची, हे तिचं काम. नवरा मशीन दुरुस्त करायचा, ती डायली रंगवायची. आता नवरा राहिला नव्हता, मुलगा परगावी नोकरीला होता आणि दुकान सासू-सुना मिळून चालवत होत्या. डोळे अधू झाल्यापासून रंगवणं सुटलं होतं. पण जुनं घड्याळ हातात घेऊन त्याचं साल सांगण्यात तिचा हात धरणारं अजून कुणी नव्हतं. वैऱ्याच्या घड्याळाचंही साल मी कधी खोटं सांगितलेलं नाही, अशी तिची फुशारकी होती, आणि ती खरी होती. माणसांबद्दल मात्र ती वाटेल ते बोले. तिथे पुरावा वगैरे बघायची तिला सवय नव्हती.

त्या दुपारी ती सुनेला तिच्या नवऱ्याचे अवगुण ऐकवत होती. स्वतःच्या मुलाचे अवगुण काढायचे आणि दोष सुनेला द्यायचा, हा तिचा जेवणानंतरचा उद्योग.

"बापाचा एक गुण घेतला नाही त्याने," ती म्हणाली. "ह्यांना थिनरचा वास सहन व्हायचा नाही. डोकं धरून बसायचे. तरी एकदा माझं काम हलकं व्हावं म्हणून डायल स्वतः धुऊन, कोरी करून माझ्यापुढे ठेवली. न सांगता. वर रंगवून होईपर्यंत माझ्या पाठीशी उभे राहिले. असा असतो नवरा."

सुनेला ही गोष्ट तोंडपाठ होती. "तुम्ही त्यांना मग चहा करून दिलात," तिने पुढचं वाक्य पुरवलं.

तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारा आत आला. त्याच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. ती काचेच्या टेबलावर ठेवून त्याने दोन्ही तळवे पँटला पुसले, आणि त्या पुसण्यावरून डायलवालीने त्याला ओळखलं. असे घामट हात तिच्या पाहण्यात एकच होते, तिच्या धाकट्या दिराचे. घड्याळाच्या कारागिराच्या घरात जन्मून त्याला कधी मशीनला बोट लावू दिलं नव्हतं, कारण तो बोट लावेल तिथे महिन्याभरात गंज धरायचा. शेवटी तो बसवर ड्रायव्हर झाला. त्याने तिच्या घराचा उंबरा ओलांडून जमाना झाला होता, आणि या दुकानात तर त्याने कधीच पाऊल टाकलं नव्हतं.

"काय हवंय?" ती म्हणाली. या नाही, बसा नाही.

"बोर्ड वाचून आलो. जुन्या घड्याळाचं वय सांगून मिळेल, असं लिहिलंय."

"ते गिऱ्हाइकांसाठी."

"मग आज मला गिऱ्हाईक समजा, वहिनी."

'वहिनी' ऐकताच सुनेच्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न होऊन आल्यापासून ती या माणसाबद्दल ऐकत आली होती. मरणाला टेकलेल्या बापाच्या उशाखालचं घड्याळ ज्याने लांबवलं, तो हा. तिने दुरुस्त झालेल्या घड्याळांचा ट्रे टेबलावरून उचलला आणि आपल्या बाजूच्या कप्प्यात ठेवून दिला. कप्प्याला कुलूप लावलं. त्याने ते सगळं पाहिलं.

"शिकवण चांगली आहे," तो म्हणाला.

"शिकवावं लागत नाही," डायलवाली म्हणाली. "माणसाचं नाव त्याच्या आधी पोचतं."

ते प्रकरण असं होतं. डायलवालीचे सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले की माझं घड्याळ धाकट्याला द्या, त्याला मी काहीच शिकवलं नाही. थोरला, म्हणजे तिचा नवरा, जन्मभर बापाच्या शेजारी बसून राबला होता. तो तेव्हा काही बोलला नाही. पुढच्याच आठवड्यात घड्याळ उशाखालून गेलं. धाकटा आदल्या दिवशी येऊन बापाजवळ बसून गेला होता. थोरल्याने त्याचं नाव घेतलं, पण हळू आवाजात, कुजबुजल्यासारखं. आवाज चढवला तो डायलवालीने. तिने त्याला आळीत उभं करून फाडून खाल्लं. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिला, 'मला माहीत नाही, वहिनी.' तेव्हा ती म्हणाली होती, 'माहीत नसणाऱ्यालाच सगळं माहीत असतं.' हे वाक्य लोकांना इतकं आवडलं की पुढे आळीत ते म्हणीसारखं वापरलं गेलं. धाकट्याने घर सोडलं. सासरे शेवटपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. ते गेल्यावर थोरल्याने जुनं दुकान मोडलं आणि बायकोला घेऊन या रस्त्यावर आला.

"दाखवा," ती म्हणाली. घालवून द्यायचं तोंडावर आलं होतं. पण घड्याळ समोर असताना ते न बघता राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

रुमालातून काळ्या डायलीचं पुरुषी घड्याळ निघालं. तिने भिंग डोळ्याला लावलं. काच प्लास्टिकची, नंतर बसवलेली. चावीची गुंडी मूळची, दात झिजलेले. पट्टा अडकवायची टोकं बारीक आणि किंचित खाली वळलेली, तशी घडण पुढे कुणी केली नाही. तिने मागचं झाकण फिरवून उघडलं. मशीनला धक्का सोसायची स्प्रिंग नव्हती.

"दुसरं महायुद्ध संपल्यानंतर लगेचचं," ती म्हणाली. "चार-पाच वर्षांच्या आतलं. झालं तुमचं काम."

"झाकण आतून बघा."

तिने झाकण दिव्याखाली धरलं. आतली बाजू घासून गुळगुळीत केलेली होती. कारागीर घड्याळ उघडतो तेव्हा झाकणाच्या आत सुईने आपली खूण ओरखडतो, आणि इथे कुणीतरी तीच घालवली होती. पण दाबून ओढलेली रेघ वरून घासली तरी मुळापासून जात नाही. तिने झाकण तिरपं केलं तशी एक शिडी उजेडात आली. सासऱ्यांची शिडी. स्वतःचं घड्याळ उघडलं की दरवेळी ते तिला एक पायरी वाढवायचे.

"म्हणजे इतक्या वर्षांनी चोरीचा माल परत आणलात," ती म्हणाली. तिने झाकण परत फिरवून बसवलं. "लाज वाटली म्हणायची."

"जुन्या बाजारात मिळालं. रस्त्यावर कापड पसरून बसतात ना, तिथे." त्याने पुन्हा तळवे पुसले. "असं कुणी बसलेलं दिसलं की मी झाकण उघडून दाखव म्हणतो. लोक वेडा समजतात. बायकोही समजायची. आता बाबांच्या घड्याळाची डायल कुठली होती ते सांगा."

"पांढरी."

"ही काळी आहे. मी विकलं असतं तर पांढरी विकली असती. मला साधं झाकण उघडता येत नाही."

"पैसे टाकले की कुणीही रंगवून देतं."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो. ही कधी रंगवली तेवढं सांगा. मी घर सोडायच्या आधी की नंतर. आधीची असेल तर मीच रंगवून घेतली म्हणा. तुम्ही मला आळीत नागडं केलंत, पण घड्याळाचं साल कधी खोटं सांगत नाही, हेही मी ऐकून आहे. तुम्ही म्हणाल ते मान्य. मीच चोर निघालो तर या पोरीसमोर कबूल करून जातो."

ही संधी डायलवाली सोडणार होती थोडीच? तिने भिंग पुन्हा लावलं ते त्याला पकडण्यासाठीच. रंगाचा पोत बघायचा, वरचं लाखेचं पाणी किती पिवळं पडलंय ते बघायचं आणि याच्या तोंडावर तारीख मारायची. काम उत्तम होतं, हे तिला आधी दिसलं. आकड्यांची टोकं स्वच्छ, मिनिटांच्या रेघा एकसारख्या. हे कुणाचं काम असावं म्हणून ती रेघा तपासत खाली आली, आणि सहाच्या आकड्याशेजारची एक रेघ तिला किंचित आखूड दिसली.

ती रेघ तिची होती. या रस्त्यावर आल्यावर तिने ती सुरू केली होती, कारण दुसऱ्यांची फडतूस कामं तिच्या नावावर खपायला लागली होती आणि तक्रारी तिच्याकडे यायच्या. सासऱ्यांच्या दुकानात असताना तिने एकही डायल अशी रंगवली नव्हती. ही खूण तिच्या आणि नवऱ्याच्या पलीकडे कुणाला माहीत नव्हती, सुनेलासुद्धा नाही.

मग तिला ती कोरी डायल आठवली. थिनरच्या वासाने डोकं धरणारा तिचा नवरा, स्वतः धुऊन आणलेली तबकडी हातात घेऊन उभा. 'गिऱ्हाइकाला काळी हवी आहे,' तो म्हणाला होता. घड्याळ दाखवलं नव्हतं, आणि दाखवायचं कारणही नव्हतं. डायली तिच्याकडे नेहमी सुट्याच यायच्या. तो पाठीशी उभा राहिला ते प्रेमाने नव्हे. काम संपेपर्यंत त्याला ती तबकडी नजरेआड होऊ द्यायची नव्हती. आणि ती वेडी त्याला चहा करून देत होती, आल्यागेल्याला त्याचं कौतुक सांगत होती.

तिला नवऱ्याचा इतका संताप आला की तो जिवंत असता तर तिने त्याला भर बाजारात उभं केलं असतं. तो नव्हता, म्हणून संताप समोरच्याकडे वळला. कशाला आणलं याने हे? सगळं नीट बसलं होतं. 'तुम्ही जायच्या आधी रंगवलेली आहे' एवढं म्हटलं की संपलं असतं. त्याने मान्य करायचं कबूल केलं होतं. बापाचा चोर म्हणून आला तसा गेला असता, आणि तिचा नवरा भिंतीवरच्या फोटोत चांगला राहिला असता. शब्द अगदी ओठांवर आले होते.

पण साल खोटं सांगायला जीभ वळेना. तो काही तिचा चांगुलपणा नव्हता, धंद्याची घमेंड होती. शिवाय आत कुठेतरी तिला असंही वाटलं की एकदा हे सांगितलं की तो तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. फसवलं तर दोघांनाही एकाच माणसाने होतं.

"नंतर," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यानंतर. या दुकानात. मी रंगवली."

सुनेने मान वर केली.

म्हातारा टेबलावर वाकला. त्याचे हात टेबलावर होते आणि काचेवर त्यांची ओली छाप उठली होती. "दादा," तो म्हणाला.

"हो."

"बाबा भिंतीकडे तोंड करून गेले. मी दारात उभा होतो. हाक मारली तरी वळले नाहीत. आणि दादा त्यांचे पाय चेपत बसला होता."

"माणूस गेला आता," ती म्हणाली. "त्याला काय बोलायचं?"

"त्याला नाही बोलत. तो निदान हळू बोलला होता." त्याने तिच्या हातातून घड्याळ काढून घेतलं. "ओरडलात तुम्ही. मला चोर म्हणून घराबाहेर काढलंत, आणि इथे येऊन चोरीच्या मालाला रंग दिलात."

"नाही. माझ्याकडे नुसती डायल आली होती. कोरी. तिच्यावरून घड्याळ ओळखू येत नाही, कुणालाही विचारा." तिला स्वतःचाच आवाज ओळखेना, तो इतका घाईने चालला होता. "मला माहीत नव्हतं, भावजी. खरंच माहीत नव्हतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं.

"माहीत नसणाऱ्यालाच सगळं माहीत असतं, वहिनी," तो म्हणाला.

त्याने घड्याळ मनगटावर बांधलं, त्या ओल्या हातावर, गंज धरला तर धरू दे अशा बेफिकिरीने, आणि पुरचुंडीचा रुमाल तिथेच सोडून निघून गेला.

सुनेने तो रुमाल चिमटीत धरून बाजूला केला आणि काचेवरची छाप पुसली. मग कप्प्याचं कुलूप काढून ट्रे परत वर ठेवला. बराच वेळ ती ट्रेमधली घड्याळं सरळ करत राहिली, जी आधीच सरळ होती.

"आई," ती म्हणाली, "ती बाबांनी धुऊन आणलेली डायल. ती हीच ना?"

"हीच."

"आणि ते वास सहन करत पाठीशी उभे होते, तरी तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"नाही," डायलवाली म्हणाली. "शपथ घेऊन सांगते, नाही."

सुनेने हळूच मान डोलवली. "हो का," ती म्हणाली.