बाकामागची जागा

उंची: अठरा इंच.

बाकाच्या अंदाजासाठी मिस्त्रींनी दोन स्टुलांवर फळी टाकली, भिंतीला चिकटवून, आणि जेवणाचं टेबल पुढे ओढलं. ही त्यांची पद्धत. "आधी सगळे बसून बघा. मग मी लाकडाला हात लावतो. नंतरची कुरकुर ऐकून घेत नाही."

नवरा खूश. खुर्च्यांना ठेचकाळून त्याचा अंगठा दोनदा सुजलाय. "बाक केला की केवढी जागा वाचेल!"

लांबी: सहा फूट.

बाबाही खूश. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून माझे वडील टेबलाच्या टोकाला, हात असलेल्या खुर्चीत बसतात. तिला ते पेशंटची खुर्ची म्हणतात. "आता मीही माणसांत बसणार, जावईबापू!"

"ताई, तुम्ही गप्पशा?" मिस्त्री म्हणाले.

"मागे किती जागा राहील?"

"मागे? मागे भिंत."

मागची जागा: शून्य.

बाबांच्या घशात घास अडकला तर त्यांना मागून पुढे वाकवायचं, खांद्यांच्या मधे तळव्याने जोरात मारायचं, असं डॉक्टरांनी शिकवलंय. आतापर्यंत दोनदा अडकला. दोन्ही वेळा मी खुर्चीच्या मागे पोचले. दुसऱ्या वेळेनंतर बाबा दोन दिवस लाजेने जेवलेच नाहीत. तेव्हापासून घरात तो विषय बंद. मी फक्त त्यांचा गळा बघत बसते. वर. खाली. गेला.

त्यांच्यासमोर कसं सांगू?

चहा, बशीत बिस्किटं, पाण्याचा ग्लास आणला. फळीवर बाबा मधे, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मिस्त्री.

"बाबा, बिस्कीट बुडवून."

"अगं, बुडवतोय. मिस्त्री, बघा, मुलगी नाही, सासू आहे ही माझी."

मिस्त्री हसले. बाबाही हसले. तोंडात बिस्कीट होतं.

खोकला आला तर बरं असतं, श्वास चालू असतो.

खोकला आला नाही.

बाबांचा हात टेबलावर आपटला. एकदा. नवरा उठायला गेला, गुडघे टेबलाखाली अडकले. मिस्त्री बाजूला सरकले, पण मागे भिंत, पुढे टेबल, आणि बाबांचे ओठ

माझ्या आणि त्यांच्या मधे टेबल. अडीच फूट.

मी ते बाजूला ढकललं. कप फुटले. काखेत हात घालून बाबांना पुढे ओढलं, त्यांचं डोकं माझ्या पोटावर, वरून हात वाकवून पाठीवर मारलं. नीट लागेना. परत. परत. पर

तुकडा माझ्या पावलावर पडला. ओला, बोटाच्या पेराएवढा.

मग श्वास. बाबांचा. त्यानंतर माझा.

बाबांनी तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"मिस्त्री," आवाज घोगरा होता, "बाक भिंतीपासून पुढे घ्या. पाठ नको त्याला. हिला मागे उभं राहता आलं पाहिजे."

"मग जागा कुठे वाचली?" नवरा सवयीने बोलून गेला, आणि खाली बसून कपाचे तुकडे वेचू लागला.

मिस्त्रींनी फळी पुढे ओढली, बाबांना पुन्हा बसवलं. खिशातून टेप काढली.

"ताई, मागे उभ्या राहा. हात उचला. मारताना उचलता तेवढा."

मी उचलला. कोपर भिंतीला घासलं.

"आणखी चार इंच," ते म्हणाले, आणि फळी सरकवून पुन्हा टेप लावली.

बाबांनी बशीतलं दुसरं बिस्कीट उचललं. पाण्याच्या ग्लासात बुडवलं.

माप घेऊन झालं होतं. मी हात खाली घेतला नाही.